ड्रूमाळांना ‘ळ’ म्हणता येत नाही

बुद्धी सहा. वीसपैकी! जयदेवनं अंतराळात अख्खी एक जमात जन्माला घातली, तिच्या कपाळावर सहाचा आकडा चिकटवला आणि मोकळा झाला. कारण काय, तर म्हणे त्यांच्या भाषेत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथे.

आधी गेम काय ते सांगते, म्हणजे मी उगाच भडकत नव्हते हे कळेल. गोष्ट दोन हजार सहाची. जयदेव, धम्मदीप आणि मी, तिघं उल्हासनगरच्या कॉलेजात एस.वाय.ला. जयदेवच्या अमेरिकेतल्या मावसभावानं त्याला एका गेमच्या पुस्तकाचं झेरॉक्स पाठवलं होतं. टेबलाभोवती बसून खेळायचा गेम, पण पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळा कारभार तोंडी. एक जण मास्टर. तो सांगणार, तुमचं यान अमुक ग्रहावर उतरलंय, दार उघडलंय, समोर असे असे प्राणी उभे आहेत, बोला आता काय करता? बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं. कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येकाच्या कागदावर ताकद, चपळाई, बुद्धी असे आकडे असतात. फाशावर त्या आकड्याइतकं किंवा त्याहून कमी पडलं तर जमलं, जास्त पडलं तर फसलं. म्हणजे बुद्धी सहा असेल तर तुम्ही बहुतेक वेळा ढच ठरणार.

फासे धम्मदीपनं उल्हासनगरातून, कॅम्प तीनमधल्या एका मोल्डिंगवाल्याकडून करून आणले होते. त्या सिंधी काकांनी जयदेवनं पुठ्ठ्याचा केलेला नमुना उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “साईं, यूएसए का माल चाहिए ना? मिल जाएगा.” यूएसए म्हणजे अमेरिका की उल्हासनगर, ते तिथे कोणी विचारत नाही. फासे मात्र झकास झाले, फक्त हाताला निळा रंग लागायचा.

तर जयदेव आमचा मास्टर. अंबरनाथ पूर्वेला, बाजाराच्या डोक्यावरच त्याचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दर रविवारी दुपारी आम्ही तिथे जमायचो. पोरगा वाईट नव्हता हो. डोकं तल्लख, रात्रंदिवस ग्रह-तारे घोळवत असायचा, आणि नियमाचा एवढा पक्का की स्वतःचं यान फुटलं तरी फासा पुन्हा टाकायचा नाही. दादरच्या एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये पुढच्या रविवारी या गेमची स्पर्धा होती. आपण रचलेली गोष्ट घेऊन जायची, समोर अनोळखी पोरं खेळायला बसणार, आजूबाजूला बघे. जयदेवनं महिनाभर खपून गोष्ट रचली होती आणि त्या दिवशी तो ती आम्हाला पहिल्यांदा वाचून दाखवत होता.

“दोन जमाती आहेत,” तो म्हणाला. “पहिली स्फटिकजन. बुद्धी अठरा. ते असं बोलतात.” आणि आवाज घुमवून, “हे अंतराळयात्रींनो, आपले सहर्ष स्वागत असो!”

“वा,” धम्मदीप म्हणाला. “आमच्या शाळेच्या गॅदरिंगचे पाहुणे.”

“दुसरे ड्रूमाळ. दलदलीत राहणारे. भोळे. बुद्धी सहा. भाषा अप्रगत, ळ आणि ण हे उच्चार करताच येत नाहीत. चालीरीती अज्ञात. उन्नती, यांचे आवाज तू काढायचेस, तुला नकला मस्त जमतात. हे बघ, असं.” त्यानं मान खाली घातली, ओठ लोंबवले आणि सुरू झाला, “मना पानी पायजे. तुना कय पायजे? आमचे तल्यान लय पानी.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मना, तुना, तल्यान. हे मी पाळण्यात ऐकलंय. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना आमची वाडी लागते, तिथे घराघरात हेच बोलतात. आगरी आहोत आम्ही. आणि हा गाढव तीच भाषा लोंबत्या ओठांनी परग्रहावरच्या चिखलात लोळवत होता.

“आणि माणसं भेटायला आली ना,” तो अगदी रंगात येऊन सांगत होता, “की ड्रूमाळांनी दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि म्हणायचं, फुरंजा!”

“म्हणजे?” मी विचारलं.

“त्यांचा नमस्कार.”

खरं सांगते, मला आधी हसूच फुटलं. एवढं हसले की डोळ्यांतून पाणी आलं. जयदेवला वाटलं जोक जमला, तोही हसायला लागला.

“अरे शहाण्या,” मी म्हटलं, “फुरं जा म्हणजे पुढे जा. चालता हो! कुठे ऐकलंस हे?”

“खाली बाजारात. त्या बारवीकडून येणाऱ्या भाजीवाल्या बसतात ना. आई भाजी घेते तेव्हा मी पिशवी धरून उभा असतो. त्या आईला नेहमी म्हणतात. मला वाटलं, या म्हणतायत.”

“काकू करटोली निम्म्या भावात मागतात, म्हणून म्हणतात! आणि तुझ्या ग्रहावर त्याचा नमस्कार झाला? तुझी माणसं कोटी कोटी मैल तुडवून यायची आणि समोरची जमात कमरेवर हात ठेवून सांगणार, चल, पुढचं घर बघ?”

धम्मदीप टेबलावर डोकं ठेवून हसत होता. जयदेवही ओशाळून हसला, पेन्सिल घेतली आणि म्हणाला, “सॉरी सॉरी, बदलतो. दुसरा शब्द सांग ना, तुला येतात वाटतं थोडे.”

“थोडे? त्या भाजीवाल्यांतली एक माझी आई आहे.”

हसणं थांबलं. जयदेवचा चेहरा पडला.

“तू कधी बोलली नाहीस,” तो म्हणाला.

“तू कधी विचारलं नाहीस.” मी काही लपवलं नव्हतं. बदलापूर म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगी यायच्या, त्याला मी काय करू?

“पण तू तर किती शुद्ध बोलतेस!”

झालं. तो बिचारा मला मोठेपणा देत होता आणि मला त्याच्या डोक्यात फासे फेकून मारावेसे वाटत होते. “शुद्ध? म्हणजे माझी आई अशुद्ध? ती पाण्याला पानी म्हणते, अळूला अलू म्हणते, म्हणून तिची बुद्धी सहा? आणि काय रे, ज्यांना ळ म्हणताच येत नाही, त्यांनी स्वतःचं नाव ड्रूमाळ कसं ठेवलं? कोणी ठेवलं ते?”

मग तो वेगळ्या बाजूनं आला. “अगं, फिक्शन आहे हे. परग्रहावरचे लोक आहेत. आणि गोष्ट त्यांच्या बाजूचीच आहे. माणसांना तळ्याचं पाणी हवंय. ड्रूमाळांच्या म्होरक्यानं न कळता करारावर अंगठा दिलाय. शेवटी माणसांना दया येते आणि ती ड्रूमाळांना वाचवतात. मेसेज पॉझिटिव्ह आहे.”

“दया!” मी ओरडले. स्वयंपाकघरातून काकू डोकावून गेल्या. “बारवीचं पाणी तुझ्या नळाला, बारवीची भाजी तुझ्या ताटात, आणि वर दयाही तूच करणार? आयत्या बिळावर नागोबा!”

“उन्नती, हे जरा जास्त होतंय.”

“हो? मग जास्तच होऊ दे.” मी चपला घातल्या आणि खाली उतरले.

आई बाजारात नेहमीच्या जागी बसली होती, पुढ्यात गावठी काकड्या, अळूच्या जुड्या, करटोल्यांची टोपली. तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि फुरंजाचा नमस्कार ऐकून तर पदर तोंडाला लावून अशी हसली की शेजारची सखूमावशीही न ऐकताच हसायला लागली.

“हासू दे गो त्याना,” आई म्हणाली. “हासल्यान आंगाला भोकं परत नाय.”

“तुला पडत नसतील. मला पडतात,” मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. कॉलेजात पहिल्या वर्षी एकदा माझ्या तोंडून ‘केली’ निघालं होतं, केळी म्हणायचं होतं, तर अख्खा बाक फिदीफिदी. तेव्हापासून मी जीभ सांभाळत होते. आता तीच जीभ मला दादरला नेऊन, अनोळखी पोरांसमोर, हशा मिळवायला वापरायची होती. जयदेवनं दुसरं कोणी शोधलं असतं तर मी शिव्या देऊन गप्प बसले असते. पण माझ्याच तोंडून माझ्या आईची नक्कल? मेले तरी नाही.

आईनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. हसणं गेलं होतं. “खेल हाय ना त्यो?” ती म्हणाली. “मंग हितं कय बसलीस? जा, जाऊन खेल.”

वर आले तेव्हा दोघं तसेच बसले होते. मी खुर्ची ओढली.

“ड्रूमाळ मी करते,” मी म्हटलं. “तुझी गोष्ट आत्ता खेळू. धम्मदीप माणसांचा कॅप्टन. तुझेच नियम. ड्रूमाळ खरंच सहाच्या लायकीचे ठरले, तर मी दादरला येते आणि सगळ्यांसमोर तुला हवं तसं बोलते, फुरंजासकट. नाही ठरले तर तो सहा जाणार.”

“नियमानं खेळायचं,” जयदेव म्हणाला. “रागानं नाही.”

“राग येणारच. नियम मोडणार नाही.”

जयदेवनं सुरुवात केली. यान उतरलं. दलदल, धुकं, समोर तळं. कॅप्टन धम्मदीप कराराचा कागद घेऊन पुढे आला. जयदेवनं त्याला जे लिहून दिलं होतं ते त्यानं वाचलं, “ड्रूमाळांनो, तुमच्या म्होरक्यानं अंगठा दिला आहे. आजपासून या तळ्याचं पाणी आमचं.”

मी उभी राहिले. ओठ लोंबवले नाहीत. आईसारखी मान ताठ ठेवली आणि आईसारखंच बोलले, “कागुद तुमचा. अंगठा म्होरक्याचा. पानी कुनाचं? ते त्याचं नाय, ते द्याला त्यो कोन?”

“कराराला म्होरक्याचा अंगठा पुरतो,” जयदेव म्हणाला.

“तुमच्यात पुरत असेल. आमच्यात नाही.” मी साध्या मराठीत त्याला म्हटलं. “आमच्यात लग्न लावायला धवलारीण लागते. बाई असते. तिनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायले की लग्न लागतं, ती गायली नाही तर मांडवात कितीही माणसं जमू देत. माझी विठाआत्या धवलारीण आहे. ड्रूमाळांचंही तसंच. त्यांच्यात सौदा बाईनं गायल्याशिवाय होत नाही. म्होरक्याचा अंगठा म्हणजे नुसता चिखलाचा डाग.”

“हे गोष्टीत नाहीये. तू मनाचं घालतेस.”

“तूच लिहिलंयस, चालीरीती अज्ञात. तुला अज्ञात! आम्हाला नाहीत. भाषा आमची उचललीस ना, मग तिच्यामागून रीतही येणार. फक्त शब्द तोडून नेता येत नाहीत, जयदेव.”

त्यानं पुस्तक उघडलं, पानं चाळली. मास्टरनं मोकळं सोडलेलं खेळाडूनं भरलं तर चालतं, हा नियम त्यानंच आम्हाला शिकवला होता. “बरं,” तो कुरकुरत म्हणाला. “मग गा.”

त्याला वाटलं मी लाजेन. मी डोळे मिटले आणि विठाआत्याच्या चालीवर, जसं सुचलं तसं, मोठ्यानं गायले:

“पानी कुनाचं, पानी कुनाचं गो,
तल्याला इचारा, तल्याच्या आयला इचारा गो.
आय म्हनते पोरी, माझे कुशीन लेकरां,
लेकरांना इकून कोन बसवील चूल गो.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात चहाचा ट्रे तसाच. मला बरं वाटत होतं. दोन वर्षं कॉलेजात जात होते, पण तिथल्या पोरांसमोर मोठ्या आवाजात माझ्या भाषेत मी पहिल्यांदाच काही बोलले होते.

“छान,” जयदेव म्हणाला. त्याचा आवाज थोडा उतरला होता, पण तो हटला नाही. “आता कॅप्टन करारातली कलमं वाचतोय. ती ड्रूमाळांना कळली का, ते फासा ठरवणार. बुद्धी सहा. उन्नती, टाक.”

त्यानं फासा माझ्यापुढे सरकवला.

“नाही टाकत,” मी म्हटलं.

“मग नियमानं तू हरलीस.”

“थांब. फासा कशासाठी टाकायचा? समोरच्याचं बोलणं कळलं की नाही ते बघायला. बरोबर? कॅप्टन तुमच्या भाषेत बोलला, ते मला कळलं. मी त्याला त्याच्याच मुद्द्यावर उत्तर दिलं. मी माझ्या भाषेत बोलले, गायले, ते कॅप्टनला कळलं का? कळलंय कोणाला आणि कळलं नाहीये कोणाला? मग फासा मी का टाकू?”

“कारण तू...” जयदेव म्हणाला आणि थांबला.

“बोल ना. कारण मी काय?”

तेवढ्यात धम्मदीपनं माझ्यापुढचा फासा उचलला. त्याचे वडील फॅक्टरीत, आजोबांनी छप्पन साली धम्म घेतलेला, घरात पुस्तकांनी भरलेलं कपाट. चिडला की त्याचा आवाज आणखी हळू व्हायचा.

“जयदेव, कॅप्टनची बुद्धी सतरा आहे. उन्नतीचं गाणं मला कळलं का बघायला मी फासा टाकू?”

जयदेवनं पुस्तकात बघितलं. त्याला बघायची गरज नव्हती, त्याला सगळं पाठ होतं. “भाषा येत नसेल तर फासा टाकता येत नाही,” तो म्हणाला. “काहीच कळलं नाही असं धरायचं.”

“म्हणजे सतरावाल्याला शून्य कळलं. आणि सहावालीला दोन्ही भाषा येतात.” धम्मदीपनं फासा टेबलाच्या मधोमध ठेवला. “जन्मतःच कपाळावर आकडा छापून द्यायचा आणि आयुष्यभर त्याच्यावर फासे टाकायचे, ही आयडिया तुला नवीन वाटत असेल. आमच्या घरात ती जुनी आहे. मी हा कॅप्टन खेळत नाही.”

“तू पण?” जयदेव म्हणाला.

“मी आधी हसलो होतो,” धम्मदीप माझ्याकडे न बघता म्हणाला. “ते चुकलं.”

बाजारातला गलका खिडकीतून वर येत होता. जयदेवला राग आला होता, हे दिसत होतं. महिनाभराची मेहनत होती त्याची. वाटलं आता हा म्हणेल, नको तुम्ही दोघंही, मी एकटा जातो दादरला. गेलाही असता, आणि मी काय करू शकणार होते? पण मघाशी सांगितलं ना, पोरगा नियमाचा पक्का. त्याच्याच नियमानं त्याला कोंडीत धरलं होतं, आणि ते नाकारणं त्याला जमत नव्हतं.

शेवटी त्यानं खोडरबर घेतलं. आधी ‘अप्रगत’ खोडलं. मग ‘भोळे’. मग सहाचा आकडा, तो जरा दाबून लिहिला होता, त्यामुळे कागद चुरगळला.

“किती लिहू?” त्यानं विचारलं. “अठरा लिहितो. स्फटिकजनांइतकी.”

“वीस लिही,” काकू दारातून म्हणाल्या. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भाव वाढवून द्यायची ही त्यांची बहुधा पहिलीच वेळ असावी.

मला क्षणभर मोह झाला. वीस! सगळ्यांच्या वर. दादरच्या पोरांची तोंडं बघायला मजा आली असती. पण मग खाली बसलेल्या आईचा चेहरा आठवला, आणि वाटलं, सहा देणारा पण हाच आणि वीस देणारा पण हाच. आज खूष होऊन देईल, उद्या चिडून काढून घेईल. याच्या हातून घ्यायचंच कशाला?

“काही लिहू नकोस,” मी म्हटलं. “कोरं राहू दे.”

“वेडी आहेस का? रकाना कोरा ठेवून चालत नाही. दादरला खेळणाऱ्यांना कळणार कसं, समोरचा किती हुशार आहे ते?”

“बोलून बघतील,” मी म्हटलं.